स्वातीपेक्षा चित्रा गरम

दादा, तुझं बरोबर होतं. स्वातीपेक्षा चित्रा गरम.

एवढं एकच वाक्य. ते तुझ्यासमोर उभं राहून बोलायला मला तेरा वर्षं मिळाली होती. शाळेला जाता-येता माझी बस सिरसाळ्यात तुझ्या दुकानावरूनच जायची, रोज दोन वेळा. उतरायचं, बोलायचं, मागची बस पकडायची, एवढंच तर करायचं होतं. केलं नाही. आता तू जाऊन दहा दिवस झाल्यावर परळीत गच्चीवर वही घेऊन बसलेय आणि तुला सोडून बाकी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तू असतास तर म्हणाला असतास, "शैले, येळेवर येक काम केलंस तर शपथ."

तुझ्याबद्दल लोक पुष्कळ बोलले. कुणी म्हणालं, असा गॅस वेल्डिंगवाला पुन्हा व्हायचा नाही. कुणी म्हणालं, नांगराचा फाळ तुझ्या हातचा असला की चार हंगाम तिकडं बघायला नको. चौकात तुझा फ्लेक्स लागलाय, त्यावर शर्टाची वरची गुंडी लावलेला तू ओळखूच येत नाहीस. त्या फ्लेक्सचा मजकूर छापायच्या आधी मी मागवून घेतला आणि त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून परत पाठवला. हसू नकोस. घरात माणूस गेलाय आणि ही बाई वेलांट्या बघतेय, असं वहिनीच्या भावाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. दुसऱ्याची चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. मग ती दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो नाहीतर सख्खा भाऊ. स्वतःच्या चुकीच्या बाबतीत मात्र मला उत्तम गप्प बसता येतं, हे तुझ्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती संध्याकाळ तू विसरला नसशीलच. तरी मला ती एकदा माझ्या तोंडून सांगू दे.

शाळेला कुणीतरी एक लहानशी दुर्बीण दिली होती आणि तिचा स्टँड पहिल्याच आठवड्यात मोडला होता. तुला सांगितलं तर तू तीन पायांचा लोखंडी स्टँड करून दिलास, तोही चांगल्या जाडजूड पाइपाचा. तो उचलायला दोन माणसं लागायची. "दुर्बीण पडंल, पन ह्यो पडायचा न्हाई," म्हणत तू तो मोटारसायकलला आडवा बांधून स्वतः शाळेत घेऊन आलास. एप्रिल महिना होता, परीक्षा आठवड्यावर आली होती. चंद्र नसलेली संध्याकाळ मी मुद्दाम निवडली होती, कारण चैत्राच्या पुनवेला चंद्र चित्राच्या आसपासच येऊन बसतो आणि त्याच्या उजेडात ती बिचारी फिकी पडते. सातवीचा वर्ग मैदानात सतरंज्यांवर बसला होता. मागं काही आया, दोन-चार बाप उभे. आणि पुढं खुर्चीत आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. ते येणार असल्याचं मला दुपारीच कळलं होतं आणि तेव्हापासून मी पुस्तक उघडून बसले होते.

तुला हे कधी सांगितलं नाही, पण मला विज्ञान येत नव्हतं रे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींची बदली झाली, जागा रिकामी राहिली, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात, घ्या सांभाळून." मी आज वाचायचे आणि उद्या शिकवायचे. पुस्तकातलं विचारलं तर ठीक, पुस्तकाबाहेरचं कुणी विचारलं की घाम फुटायचा. आणि गावात मात्र तू सांगत फिरायचास, "आमची शैली सायन्स शिकिवती."

तर त्या संध्याकाळी सप्तर्षी दाखवून झाले. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं ओढत नेला की आधी स्वाती लागते आणि आणखी पुढं नेला की चित्रा, हेही पोरांनी बोटांनी करून बघितलं. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "बाई, ही केशरी आन ती निळी, आसं कावून?"

पुस्तकात हे नव्हतं. साहेबांनी खुर्चीत जरा पुढं सरकून माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "ज्याचा रंग लालसर तो तारा जास्त गरम. निळा असेल तो थंड. म्हणून स्वाती गरम आणि चित्रा थंड. आपल्या नळाला नाही का, लाल खूण गरम पाण्याची आणि निळी गार पाण्याची?"

त्या गावात गरम पाण्याचा नळ एकाही घरात नव्हता, दादा. आठवड्यातून दोनदा टाकीवर पाणी यायचं, तेही हंड्यानं न्यायचं. माझ्याच घरी तो नळ नवाकोरा बसवला होता, आणि त्याचं मला किती कौतुक होतं ते तुला माहीत आहे. तरी सगळ्या पोरांनी माना डोलावल्या. साहेबांनीही डोलावली. मला वाटलं, सुटले.

आणि मागून तुझा आवाज आला. "शैले, उलटं हाय ते."

पोरं मागं वळली. तू स्टँडला टेकून उभा होतास. कुणी बोल म्हणायच्या आधीच तू सुरू झालास. "लोखंड तापवताना बघा की रं. आदी लाल व्हतं, मंग केशरी, मंग पिवळं, मंग पांढरं. जसं जसं तापंल तसा लाल जातो. त्येच्या फुडं गेलं तर निळंच व्हईल, पन तवर त्ये इरघळून जातंय. म्हंजी निळी हाय ती लई तापलीय. आन गॅसचं टोक बी बघा, पिवळी ज्योत काजळी धरती, निळी लोखंड कापती. स्वाती म्हंजी चुलीतला निखारा. चित्रा म्हंजी नोझलचं टोक."

आता कळतं, एवढं सोपं आणि एवढं अचूक त्या मैदानात दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नसतं. पण तेव्हा साहेबांनी विचारलं, "हे कोण?" आणि कुणीतरी म्हणालं, "वेल्डिंगवाले हायेत." माझा भाऊ आहे, हे मी सांगितलं नाही. मी हसून म्हणाले, "दादा, इथं विज्ञान चाललंय, वेल्डिंग नाही."

पोरं हसली. साहेब तर खुर्चीची पाठ हलेपर्यंत हसले. तूही हसलास, जरासा. मग ओळीतलं शेवटचं पोर बघून होईपर्यंत तू तो स्टँड दोन्ही हातांनी धरून उभा राहिलास, कारण जमीन उंचसखल होती आणि पोरं धक्का मारत होती. लहान पोरांना काखेत धरून उचलत होतास. सगळं झाल्यावर मोटारसायकलला लाथ मारलीस आणि "येतो मी" म्हणून गेलास. स्टँड शाळेलाच ठेवलास.

त्यानंतर तू आमच्या शाळेत पाऊल टाकलं नाहीस. फाटकाची बिजागरी तुटली तेव्हा मुख्याध्यापकांनी तुला बोलावणं पाठवलं, तर तू निरोप दिलास, फाटक काढून दुकानावर पाठवा. चार पोरं ते अख्खं फाटक बैलगाडीत घालून सिरसाळ्याला घेऊन गेली. सगळ्यांना वाटलं तुला वेळ नसेल. खरं कारण मला माहीत होतं, आणि मी फाटक परत आल्यावर "छान झालंय हं काम" एवढं म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात परळीला विज्ञानाच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. भिंतीवर चित्रं दाखवत होते. एक पट्टा आला, डावीकडं लाल तारे, उजवीकडं निळे, आणि खाली तापमानं लिहिलेली. शिकवणाऱ्या सरांनी पट्ट्यावर छडी ठेवून सांगितलं की लाल तारे सगळ्यांत थंड आणि निळे सगळ्यांत तप्त, आणि पुढं म्हणाले, "सोपं आहे, लोखंड तापवून बघा." माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला आणि नंतर प्यायलाच नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, बरं वाटत नाहीये का? मी म्हणाले, उकडतंय.

दुसऱ्या दिवशी आईला बघायला म्हणून मी सिरसाळ्याला आले, तेव्हा आई होती. बस थांब्यावर थांबली तर तू दुकानाच्या दारातच उभा, डोक्यावर चढवलेला काळा चष्मा. लांबूनच ओरडलास, "काय बाई, काय शिकिवलं ट्रेनिंगला?"

मी म्हणाले, "नेहमीचंच रे."

ते तिथंच व्हायला हवं होतं. तू विचारलंही होतंस. त्या दिवशी बोलले असते तर आपण हसलो असतो, तू मला चार दिवस चिडवलं असतंस, चहा मागवला असतास आणि सगळं मिटलं असतं. मी विचार केला, आत्ता रस्त्यात कशाला, सावकाश सांगू. मग नव्या वर्गाला मी निळे तारे तप्त असंच शिकवलं, अगदी ठणकावून, जणू काही मी आयुष्यभर तेच शिकवत आलेय. जुन्या वर्गाला बोलावून काही सांगितलं नाही. ते आठवीला दुसऱ्या शाळेत गेले होते, तेवढं निमित्त मला पुरलं.

एक वर्ष गेल्यावर सांगणं अवघड झालं. तीन वर्षांनी वाटलं, आता सांगितलं तर तो म्हणेल, इतके दिवस कुठं होतीस. पाच वर्षांनी वाटलं, तो विसरला असेल. भाऊबीजेला तुला ओवाळताना दर वेळी जिभेवर यायचं. तू ताटात हात घालून म्हणायचास, "करंज्या मऊ पडल्यात," आणि मी भांडायला लागायचे. भांडण मला जमतं. त्यामागं लपताही येतं.

चित्राबद्दल मी पुढं खूप वाचलं, दादा. तुला सांगायचं म्हणूनच वाचत होते असं आता वाटतं. तेव्हा स्वतःला म्हणत होते, शिकवायला उपयोगी पडेल. ऐक.

तिच्या पृष्ठभागाचं तापमान पंचवीस हजार अंशांच्या घरात आहे. आपला सूर्य साडेपाच हजारांचा. स्वाती सूर्याहूनही थंड, चार हजारांच्या थोडी वर. तुझं लोखंड दीड हजाराला पाणी होतं, म्हणजे निळं होईपर्यंत ते थांबत नाही हे तू म्हणालास तेही खरं. मग स्वाती चित्रापेक्षा जास्त चमकते कशी? हा प्रश्न तू नक्की विचारला असतास. तर स्वाती आपल्याला जवळ आहे आणि फुगून अवाढव्य झालीय, सूर्याच्या पंचवीसपट रुंद. चित्रा तिच्यापेक्षा सहा-सातपट लांब. तिचा आज आपल्याला दिसणारा उजेड अडीचशे वर्षांपूर्वी निघालाय. इतक्या लांबून येऊनही ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, परळीतून सुद्धा, इथं आमच्या गच्चीवरून जिथं आधी वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात आणि मग तारे.

आणि तुला सगळ्यांत आवडलं असतं ते हे. इतक्या तापलेल्या ताऱ्याचा बराचसा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. तो जांभळ्याच्याही पलीकडचा असतो. तुझ्या आर्क वेल्डिंगमध्ये जो डोळ्याला लागतो ना, तोच. आठवतं, नवीन मशीन आणलंस तेव्हा पहिल्याच दिवशी काच न लावता बघितलंस आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू पडल्यासारखा तळमळत होतास? आईनं डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या होत्या. तू म्हणत होतास, "उजेड तर येवढासाच दिसला गं, मंग भाजलं कशानं?" त्याचं उत्तर मला पंधरा वर्षांनी सापडलं, तेही चित्रामुळं. तुला द्यायचं राहिलं.

अजून एक. चित्रा एक तारा नाहीच, दोन आहेत. एकमेकांना इतके चिकटून की चार दिवसांत एक फेरा पुरा होतो. शाळेच्या दुर्बिणीतून काय, मोठ्या दुर्बिणीतूनही ते वेगळे दिसत नाहीत. त्यांचा प्रकाश फोडून बघितला की कळतं, एक आपल्याकडं येतोय आणि दुसरा लांब जातोय. एकमेकांच्या ओढीनं दोघेही गोल राहिले नाहीत, अंड्यासारखे लांबट झालेत. मी इथं आपल्या दोघांबद्दल काहीतरी गोड बोलणार अशी तुला भीती वाटली असेल. नाही बोलत. थोरला त्यातला सूर्याच्या दहापटीहून वजनदार. जळण पुष्कळ, पण जाळायची तऱ्हा उधळी, म्हणून सूर्याच्या मानानं आयुष्य फारच थोडं. तू अठ्ठावन्नचा होतास.

एक भांडण मात्र माझ्याकडं अजून शिल्लक आहे. लोखंडाचं तुझं उदाहरण शंभर टक्के बरोबर. गॅसच्या ज्योतीचं नाही. ज्योत निळी दिसते ती नुसती तापल्यामुळं नाही, जळणाऱ्या वायूच्या गुणामुळं. घरातल्या शेगडीची ज्योतही निळी असते, म्हणून ती काही पंचवीस हजारांची होत नाही. म्हणजे तुझं उत्तर बरोबर, दोन कारणांपैकी एक बरोबर. बघ, कबुली द्यायला बसले तरी अर्धा मार्क कापलाच. तू उसळून म्हणाला असतास, "हात धर मंग त्या ज्योतीत, कळंल गुन का ताप." मला हे भांडण फार हवं होतं. दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून, तू गॅसची टॉर्च बारीक-मोठी करून दाखवतोयस आणि मी चिडून उठून जातेय, असं.

तू जायच्या चार दिवस आधी तुझा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणालास, "शैले, चित्रा लई झ्याक दिसायलीय बघ सध्या. जेवून बाजंवर पडलं की डोळ्याम्होरंच." मला वाटलं, हाच तो क्षण. खरंच वाटलं. शेगडीवर भाजी होती. मी म्हणाले, "बघते रे नंतर, भाजी लागायलीय," आणि फोन ठेवला. भाजी लागली नव्हती.

मग चार दिवसांनी वहिनीचा फोन आला. तुझ्या छातीत कळ आली, गाडी करून अंबाजोगाईला निघाले होते, परळी ओलांडायच्या आत तू मान टाकलीस. म्हणजे माझ्या घराजवळून गेलास तू. मी तेव्हा पेपर तपासत होते.

आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात. जंगम स्वामींनी तुझ्या कपाळाला विभूती लावली, तुला खड्ड्यात मांडी घालून बसवलं. हात मांडीवर नीट ठेवले. तुझ्या उजव्या मनगटावरचा ठिणगीचा जुना डाग मला वरून दिसत होता. सगळे बिल्वपत्र आणि मूठभर माती टाकत होते. माझी पाळी आली तेव्हा मी मनातल्या मनात म्हणाले, दादा, तुझं बरोबर होतं. मनातल्या मनात. तिथंही मला चारचौघांत मोठ्यानं बोलता आलं नाही.

वहिनीला मात्र सांगितलं, तिसऱ्या दिवशी, भांडी आवरताना. सगळं सांगितलं. ती पदर खोचून ऐकत राहिली आणि म्हणाली, "मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई, वन्सं. त्येंनी तुमचं कदी वाईट बोललंच न्हाई माज्याकडं. उलट जेवल्यावर रोज वर बोट करून म्हनायचे, ती बघ शैलीची चित्रा." मग ती परत ताटं घासायला लागली. मी तिला धुवून द्यायला लागले.

*

इथवर दोन दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं. लिहिल्यावर वाटलं, वहीत लिहून काय होणार, ज्या पोरांसमोर तुला खाली पाडलं त्यांच्यासमोरच बोललं पाहिजे. त्या सातवीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यांनी मलाही त्यात घेतलंय. दिवाळी-दसऱ्याला शुभेच्छा येतात, बाकी कुणी काही बोलत नाही. काल संध्याकाळी मी त्यावर लिहिलं. "मुलांनो, तुम्ही सातवीत असताना आकाश बघायच्या कार्यक्रमात मी तुम्हाला सांगितलं होतं की लालसर तारे जास्त गरम असतात. ते चूक होतं. निळे तारे जास्त गरम असतात. त्या दिवशी मागं उभं राहून ज्यांनी हे बरोबर सांगितलं आणि ज्यांना मी हसले, ते माझे थोरले भाऊ होते. ते गेल्या आठवड्यात वारले." पाठवून टाकलं.

जोडलेले हात आले, फुलं आली, भावपूर्ण श्रद्धांजली आली. एकानं अंगठा दाखवला. आणि आज संध्याकाळी राधाचा फोन आला. राधा त्याच वर्गातली, आता तलवाड्याला दिलीय, नवऱ्याबरोबर खत-बियाण्याचं दुकान बघते.

"बाई, मामा गेले आन आमाला कुनी सांगितलंच न्हाई," म्हणून ती आधी रडली. मामा म्हणजे तू. मग म्हणाली, "पन बाई, येक इचारू? तुमी ते परत कावून लिवलं?"

"परत म्हणजे?"

"म्हंजी लाल-निळ्याचं. ते तर तुमचं आन मामाचं कवाच मिटलतं नं?"

मग तिनं सांगितलं. "त्या दिवसाच्या दुसऱ्या दिशी आमी चौघीजनी मामाच्या दुकानावर गेलतो. म्हनलं, मामा, परीक्षेत आलं तर काय लिवायचं, तुमचं का बाईचं? मामा म्हनले, बाईचंच लिवा, मार्क बाई देनार हाय, मी न्हाई. आन म्हनले, तिला कुनी हसायचं न्हाई. तिला कळंल. कळलं की ती आपनहून येती माज्याकडं. लहानपनापून तसंच हाय तिचं, आदी भांडती, मंग येती."

मी कठड्याला धरून उभी होते.

"मंग आमी जाता-येता इचारायचो, मामा, आल्या का बाई? मामा म्हनायचे, येईल, येईल. आठवीला गेलो, नववीला गेलो, तरी येईलच. मंग माजं लग्न झालं. आन गेल्या दिवाळीला माहेरी आलते तर दुकानाम्होरं गाडी थांबवाया लावली. मज्जा म्हनून इचारलं, मामा, आल्या का मंग बाई? मामा म्हनले, आली की! कवाच येऊन गेली. म्हनली, दादा, तुजंच खरं. लई रडली बी."

मी "हो गं" म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. तू सगळी व्यवस्था करून ठेवली होतीस. तेरा वर्षं वाट बघून, शेवटी माझी लाज माझ्याच विद्यार्थिनीसमोर जाऊ नये म्हणून तू खोटं बोलला होतास, आणि तेही अशा तपशिलानं की कुणाला शंका येऊ नये.

मी म्हणाले, "नाही राधा. मी आले नव्हते. मी कधीच आले नाही."

ती हळूच म्हणाली, "मंग मामा आसं कावून म्हनले, बाई?"

मी फोन कानाला तसाच धरून गच्चीवर खाली बसले. "बाई, आसं करू नका. बाई, पानी प्या, बाई," राधा तिकडून म्हणत राहिली.

दादा, तू तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. मी आले, आणि मी रडले. त्यातली दुसरी तेवढी खरी झाली.